यादी फिरवून साथ थांबत नाही

जगात कुठेही साथ सुरू झाली की दोन दिवसांत वसई-विरारच्या सोसायट्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच मागणी फिरायला लागते. परदेशातून कोण कोण आले आहे त्यांची नावे आणि फ्लॅट नंबर टाका. त्यांना गेटवर अडवा. मुळात विमानतळावरूनच परत का पाठवत नाहीत? आणि नालासोपारा पूर्वेला भाड्याने राहणाऱ्या आफ्रिकी लोकांचा बंदोबस्त आधी करा. करोनाच्या सुरुवातीला हे ऐकले, ओमायक्रॉनच्या डिसेंबरात ऐकले, मंकीपॉक्सची नुसती बातमी आली तेव्हाही ऐकले. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल ते आज कोणी सांगू शकत नाही, पण ही मागणी तेव्हाही तयार असेल. मला तिचा राग येतो. तो का येतो हे सविस्तर सांगायला हवे, कारण ती करणारी माणसे दुष्ट नाहीत. शिकलेली, संसारी, घरात म्हातारे आईवडील असलेली माणसे ती करतात. त्यांची भीती खरी आहे. त्या भीतीवर त्यांनी जो उपाय शोधला आहे, तो शहराला आणखी धोक्यात घालतो.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. रोग बाहेरून येतो. बाहेरून यायचा दरवाजा विमानतळ. तिथे कडक तपासणी करा, साथीच्या देशातून आलेल्यांना वेगळे काढा, त्यांच्यावर ओळखू येईल अशी खूण करा, शेजाऱ्यांना सावध करा, म्हणजे शहर वाचले. जो माहिती लपवतो तो गुन्हेगार, त्याच्यावर गुन्हा नोंदवा. महापालिकेने यात विशेष काही करायचे नाही. विमानतळ केंद्र सरकारचा, परकीय नागरिक पोलिसांचे. पालिकेने यादी पुढे पाठवावी आणि आपली गटारे साफ करावीत.

विमानतळापासून सुरुवात करू. इबोलाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 2 ते 21 दिवस जातात. मंकीपॉक्सला तीन आठवडे लागू शकतात. आखातात उंटांपासून माणसांत येणाऱ्या मर्सला 2 ते 14 दिवस. म्हणजे ज्याला काल लागण झाली तो आज विमानात बसतो, उतरतो, तापमापक कॅमेऱ्यासमोरून जातो, आणि कॅमेरा त्याला निरोगी म्हणतो. कॅमेऱ्याचे चुकत नाही, माणूस त्या क्षणी खरोखरच तापलेला नसतो. 2003 मध्ये सार्सच्या साथीत कॅनडाने आपल्या विमानतळांवर सुमारे 65 लाख वेळा प्रवाशांची तपासणी केली. त्यात सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. ज्यांना रोग होता ते नंतर रुग्णालयांत आणि घरांत सापडले. कडक तपासणी हवी असे म्हणणाऱ्याने सांगावे, 65 लाखांहून कडक म्हणजे किती?

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले. दुबईच्या सहलीहून 1 मार्चला मुंबईत उतरलेले एक जोडपे. त्या दिवशी विमानतळावरच्या तपासणीच्या यादीत चीन, सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया असे देश होते. दुबई नव्हती. ते टॅक्सीने पुण्याला गेले. पुढे त्यांची मुलगी, टॅक्सीचालक आणि विमानातला एक सहप्रवासी बाधित निघाले. ओमायक्रॉनच्या वेळी पुन्हा तेच घडले. लागोसहून पिंपरी-चिंचवडला भावाकडे आलेली एक महिला, तिच्या दोन मुली, तो भाऊ आणि त्याच्या दोन मुली अशा सहा जणांना ओमायक्रॉनची लागण झाल्याचे 5 डिसेंबर 2021 रोजी जाहीर झाले. तेव्हा केंद्राच्या ‘जोखमीच्या देशां’च्या यादीत नायजेरिया नव्हता. देशांची यादी नेहमी साथीच्या मागून चालते, कारण ज्या देशात तपासण्या होतात तोच देश यादीत येतो. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर 2021 मध्ये नवा विषाणूप्रकार शोधला, प्रामाणिकपणे जगाला कळवला, आणि काही दिवसांत जगाने त्यांचीच विमाने बंद केली. तोवर तो विषाणू किती देशांत पोचला होता हे पुढच्या महिन्याभरात सगळ्यांनी पाहिले.

आणि वसई-विरार? 14 डिसेंबर 2021 रोजी राज्याच्या आरोग्य विभागाने ओमायक्रॉनचे आठ नवे रुग्ण जाहीर केले. सात मुंबईतले, एक वसई-विरारचा. विभागाने त्याच दिवशी दिलेली प्राथमिक माहिती अशी होती की या आठांपैकी कोणीही परदेशातून आलेले नव्हते. ज्या दिवशी आपल्या शहराचे नाव त्या यादीत पहिल्यांदा लागले, त्या दिवशी रोग विमानतळ ओलांडून केव्हाच लोकलच्या डब्यात बसला होता. मग सोसायटीच्या गेटवर आपण कोणाला अडवत होतो? सुटकेसला विमान कंपनीचा टॅग असलेल्याला. रोज सकाळी विरारहून चर्चगेटला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला कोणी काही विचारले नाही, आणि विचारता येणारही नव्हते, कारण ते आपण सगळेच होतो.

विमानतळाचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. तो एका कामाचा आहे. तिथे माणसाचा खरा पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर मिळू शकतो. त्याला हातात कागद देऊन सांगता येते की एवढे दिवस जपा आणि असे वाटले तर इथे फोन करा. बाकीचे सगळे काम तो घरी पोचल्यावर सुरू होते, आणि घर असते आगाशीला, निर्मळला, गिरीजला, आचोळ्याला. तिथे केंद्र सरकार येत नाही.

आता त्या खुणेकडे, म्हणजे हातावरच्या शिक्क्याकडे वळू. मार्च 2020 मध्ये राज्याने घरी विलगीकरणात राहायच्या प्रवाशांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारायचे ठरवले. हा निर्णय झाला 16 मार्चला. दोनच दिवसांत त्याचे फळ आपल्या जिल्ह्याने पाहिले. 18 मार्चला जर्मनीहून आलेले चार प्रवासी गरीबरथने सुरतला निघाले होते. हातावर शिक्के होते. सहप्रवाशांनी ते पाहिले, डब्यात घबराट झाली, आणि त्या चौघांना पालघर स्थानकावर उतरवण्यात आले. त्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता, किती बेजबाबदार माणसे! मीही विचारतो, बेजबाबदार कोण? माणूस मुंबईत उतरतो, राहतो सुरतला. त्याला सांगितले जाते, घरी जा आणि चौदा दिवस बाहेर पडू नकोस. घरी कसा जाऊ, याचे उत्तर शिक्क्यात नव्हते. शासनाने त्याला आज्ञा दिली, वाहन दिले नाही. तो उरलेल्या एकमेव रस्त्याने गेला आणि आपण त्याला फलाटावर उभे केले. ज्यांनी ते फोटो आणि बातम्या पाहिल्या, त्यांनी काय धडा घेतला असेल? हातावर शिक्का असला तर लांब बाह्यांचा शर्ट घाला. यापलीकडे दुसरा कोणता धडा त्या प्रसंगात होता?

लपवणे हा गुन्हा आहे असे म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे की माणूस काय लपवतो आणि कशासाठी. डिसेंबर 2021 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने जाहीर केले की परदेशातून आलेल्या 295 जणांपैकी 109 जण सापडत नाहीत. फोन बंद, पत्त्यावर कुलूप. या 109 जणांचा सामूहिक कट होता का? त्यांच्यापैकी बहुतेकांना ताप नसणार, खोकला नसणार. त्यांना भीती असणार ती शेजाऱ्यांची. कामवालीला येऊ देणार नाहीत, मुलांना खाली खेळू देणार नाहीत, दूधवाला दारात थांबणार नाही, आणि साथ संपली तरी ‘ते तिसऱ्या मजल्यावरचे’ ही ओळख राहील. अशा वेळी फोन बंद ठेवणे हाच आपला बचाव आहे असे सामान्य माणसाला वाटते. ती भीती आपण निर्माण करतो, आणि मग तिच्यापायी फोन बंद केला म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदवा म्हणतो.

वसईच्या पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे, जी बाहेरच्यांना कळणार नाही पण इथल्यांना कळलीच पाहिजे. इथे जहाजावर जाणाऱ्यांची घरे आहेत. आखातात नोकरी करणाऱ्यांची, परदेशी रुग्णालयांत नर्स असणाऱ्या मुलींची घरे आहेत. जहाजावरचा माणूस साइन ऑफ होऊन येतो तो काही महिन्यांसाठी. पुढचे जॉइनिंग कधी मिळेल ते एजंटच्या हातात असते. त्या मधल्या काळात त्याच्या कागदावर एका संशयित आजाराची नोंद झाली तर पगार कोण भरून देणार? घराचा हप्ता कोण फेडणार? तो अंगदुखीवर गोळी घेऊन गप्प बसतो. त्याला आपण भित्रा म्हणू शकतो, स्वार्थी म्हणू शकतो. पण त्याला बोलते करायचे असेल तर बोलल्याने त्याचे नुकसान होणार नाही याची हमी द्यावी लागते. धमकीने ती हमी मिळत नाही.

याच माणसाची दुसरी गोष्ट सांगतो. त्याच्या कपाटात एक पिवळी पुस्तिका असते, पिवळ्या तापाच्या लशीची. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या ठरावीक देशांतून परतताना ती दाखवावी लागते. लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात, आणि पुस्तिका नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, तरी हा रोग भारतात पसरलेला नाही. या तपासणीविरुद्ध कोणी खलाशी कधी ओरडल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि त्यासाठी कोणी पत्ता लपवल्याचेही नाही. कारण तिथे नियम आधीपासून माहीत आहे, सगळ्यांना सारखा आहे, कशासाठी आहे ते समजते, आणि त्यात कोणाचे नाव गावभर होत नाही. प्रवाशांवरची आरोग्य-देखरेख लोकांना मुळातच नको असते, हा आरोप खोटा आहे. त्यांना अपमान नको असतो.

हे मराठी माणसाला नव्याने सांगावे लागावे याचे मला फार वाईट वाटते, कारण हा धडा या मातीने सव्वाशे वर्षांपूर्वी रक्त सांडून घेतला. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असे लोकांना वाटत होते. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले, शेतात हलवले, प्रेते गुपचूप पुरली. 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका पोराला त्यांनी पाठीवरून आणले, त्यातच लागण होऊन 10 मार्चला त्या गेल्या. सोल्जर दिसला की दार लावणाऱ्या त्याच पुण्यात सावित्रीबाईंच्या दवाखान्यात मात्र रुग्ण आणले जात होते. आज रँडला खलनायक ठरवून भाषणे करणारे आपण, सोसायटीच्या गेटवर उभे राहिलो की नेमके त्याच्यासारखे का वागतो? 2020 च्या मार्चमध्ये राज्याने लागू केला तो कायदाही तोच होता, 1897 चा.

नालासोपाऱ्यातल्या आफ्रिकी भाडेकरूंविषयी बोलताना शहरातल्या भल्या माणसांचाही तोल जातो, म्हणून इथे जरा थांबतो. ‘हे लोक रोग आणतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर नायजेरियातूनच द्यायला हवे. 20 जुलै 2014 रोजी लायबेरियाहून इबोला झालेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर उतरला आणि तिथेच कोसळला. लागोस म्हणजे कोट्यवधी लोकसंख्येचे, दाट वस्त्यांचे, आपल्यासारखेच बेशिस्त वाढलेले शहर. जगभरच्या तज्ज्ञांनी श्वास रोखला होता. रुग्णालयातल्या डॉ. अमेयो स्टेला अदादेवोह यांनी त्या रुग्णाला इबोला असल्याचा संशय घेतला, त्याला सोडून द्यावे म्हणून आलेला वरचा दबाव झुगारला आणि त्याला बाहेर पडू दिले नाही. त्यांना स्वतःला लागण झाली, 19 ऑगस्टला त्या गेल्या. त्यांच्या त्या निर्णयानंतर नायजेरियाच्या आरोग्य खात्याने पोलिओ मोहिमेची माणसे आणि यंत्रणा या कामाला लावली. सुमारे 900 संपर्कातली माणसे शोधली. त्यांच्या दारात जाऊन साडेअठरा हजारांच्या आसपास भेटी दिल्या, रोज ताप पाहिला, 21 दिवस. मध्येच एक जण भीतीने लागोसहून पळाला आणि पोर्ट हारकोर्टला जाऊन एका डॉक्टरकडून हॉटेलात गुपचूप उपचार करून घेतले. तो डॉक्टर मरण पावला, आणि त्या शहरातही शेकडो माणसांचा माग काढावा लागला. नायजेरियाने तोही काढला. एकूण 20 रुग्ण, 8 मृत्यू. 20 ऑक्टोबर 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देश इबोलामुक्त जाहीर केला. ज्या लोकांना आपण रोगाचे नाव देतो, त्यांच्या देशाने प्रवाशामागून आलेली साथ कशी रोखायची हे जगाला करून दाखवले. वसई-विरार महापालिकेने त्यांच्याकडून शिकावे, असे म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही.

शिवाय साथीच्या देशाचा नागरिक असणे म्हणजे काय, हे आपणही भोगले आहे. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचा हाहाकार झाला. त्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर आपण राहतो. तेव्हा अनेक आखाती देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली, जगाच्या विमानतळांवर भारतीय पासपोर्ट दिसला की माणूस बाजूला काढला जात होता. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये डेल्टाची लाट आली, तो विषाणू पहिल्यांदा आढळला तो भारतात. संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना दारे बंद केली. सुट्टीवर घरी आलेली वसईची माणसे इथेच अडकली, व्हिसाच्या तारखा मोजत बसली. ऑस्ट्रेलियाने तर 3 मेपासून भारतातून मायदेशी परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना पाच वर्षांपर्यंत कैदेची धमकी दिली. त्या दिवसांत आपण संतापलो होतो, आणि योग्यच संतापलो होतो. आम्ही म्हणजे विषाणू नव्हे, असे आपण म्हणत होतो. हे वाक्य नालासोपाऱ्याच्या प्रगती नगरमधल्या आफ्रिकी भाडेकरूच्या तोंडी आले की खोटे कसे ठरते?

पण मुद्दा केवळ न्यायाचा नाही, रोग थांबवण्याचाही आहे. या परदेशी भाडेकरूंपैकी काहींच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल. ते पोलिसांचे प्रकरण आहे, पोलिसांनी त्यांच्या वेळी, त्यांच्या मार्गाने पाहावे. आरोग्य सेविकेच्या मागे पोलीस उभा केला की दोन गोष्टी होतील. व्हिसा संपलेला माणूस दुसऱ्या चाळीत जाईल, आणि व्हिसा असलेलाही दार उघडणार नाही. मग त्या घरात खरोखर कोणी तापाने पडले असेल तर ते कोणाला कळणार? शेजारच्या खोलीतल्या उत्तर भारतीय कुटुंबाला कळेल, पण त्यांच्या मुलाला लागण झाल्यावर.

आता ‘पालिकेने यात काय करायचे’ हा प्रश्न. मला तो सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यामागे जबाबदारी झटकण्याची सोय आहे. 2014 च्या सप्टेंबरात लायबेरियाहून अमेरिकेतल्या डॅलसला गेलेला एक माणूस तापाने रुग्णालयात गेला. आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे त्याने सांगितले. ते कागदावर नोंदलेही गेले. तरी त्याला प्रतिजैविके देऊन घरी पाठवण्यात आले. दोन दिवसांनी तो परत आला, इबोला निघाला, 8 ऑक्टोबरला मरण पावला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. 2015 च्या मे महिन्यात दक्षिण कोरियाचा एक माणूस आखाती देशांच्या कामाच्या दौऱ्याहून परतला. विमानतळावर त्याला काहीही होत नव्हते. आठवड्याने ताप आला, तो एकामागून एक दवाखाने फिरला, 20 मेला मर्सचे निदान होईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. त्या एका प्रवाशासह त्या साथीत 186 जणांना लागण झाली, 38 जण गेले. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडची रुग्णालये उत्तम. चूक विमानतळावर झाली नव्हती. चूक दवाखान्याच्या टेबलावर झाली, जिथे ‘गेल्या महिन्यात कुठे गेला होतात?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही, किंवा विचारून त्याचे उत्तर ऐकले नाही.

असा आजारी प्रवासी आपल्याकडे प्रथम कुठे जाईल? तो मुंबईच्या कस्तुरबा या साथरोग रुग्णालयात जाणार नाही. तो तुळींजला किंवा मोरेगावला रात्री साडेनऊला उघड्या असलेल्या दवाखान्यात जाईल, जिथे बाकावर पंधरा माणसे बसलेली असतात आणि डॉक्टरला प्रत्येकासाठी तीन मिनिटे मिळतात. त्या डॉक्टरकडे पालिकेचा एक माणूस वर्षातून किती वेळा जातो? कुठल्या देशात सध्या काय चालू आहे याची चार ओळींची सूचना त्याच्या फोनवर कोण पाठवते? संशयित रुग्ण वाटला तर त्याने कोणत्या नंबरला फोन करायचा, तो रात्री उचलला जातो का, रुग्णवाहिका कुठे न्यायची हे ठरलेले आहे का? हे प्रश्न दिल्लीने सोडवायचे नाहीत. 12 लाखांवर लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच असलेल्या महापालिकेचे हे काम आहे, आणि ते साथ नसताना करायचे काम आहे.

ते होऊ शकते हे शेजारी पाहून कळेल. ज्या कल्याण-डोंबिवलीत 109 जण सापडत नव्हते, तिथेच महाराष्ट्राचा पहिला ओमायक्रॉन रुग्ण हाताळला गेला. केप टाउनहून दुबई-दिल्लीमार्गे 24 नोव्हेंबरला आलेला, जहाजावर काम करणारा डोंबिवलीचा एक तरुण. त्याचा नमुना विमानतळावर घेतला गेला होता, पण घरी पोचल्यानंतर त्याला वेगळे ठेवणे, जवळच्या संपर्कातल्या 12 आणि दूरच्या संपर्कातल्या 23 जणांना शोधून तपासणे ही कामे स्थानिक यंत्रणेने केली. सगळे निगेटिव्ह आले. त्याला काही दिवसांत घरी सोडले. तो माणूस आपल्या वसईचाही असू शकला असता. आगाशी-अर्नाळ्याच्या पट्ट्यात त्याच्यासारखे किती आहेत हे मोजायची गरज नाही, प्रत्येक आळीत एखादे घर आहेच.

काही जण हे सगळे ऐकून दुसऱ्या टोकाला जातात. विमानतळावर काही सापडत नाही, यादी मागून येते, लोक लपतात, मग ही देखरेख हवीच कशाला, सोडून द्या. मी हे मान्य करत नाही. नायजेरियातल्या साडेअठरा हजार भेटी हे त्याला पुरेसे उत्तर आहे. देखरेख निरुपयोगी नाही. आपण जिला देखरेख म्हणतो ती निरुपयोगी आहे, कारण तिच्यात आरोग्य खात्याचा माणूस शेवटी येतो आणि शेजारी पहिला येतो.

म्हणून माझी मागणी त्या व्हॉट्सॲपवरच्या मागणीच्या बरोबर उलट आहे. साथीच्या देशातून आलेल्या प्रत्येक माणसाला पालिकेच्या आरोग्य विभागातून रोज एक फोन जावा, रोगाला जितके दिवस लागतात तितके दिवस, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. फोन लागला नाही तर गणवेश नसलेली आरोग्य सेविका दारात जावी, पोलिसाशिवाय. त्याचे नाव ती आणि तिचा डॉक्टर यांच्याबाहेर कोणालाही कळू नये, नगरसेवकालाही नाही, सोसायटीच्या कमिटीला तर नाहीच. नाव फोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी. तपासणी फुकट असावी आणि ‘विलगीकरण पूर्ण, आजार नाही’ असे पालिकेच्या सहीचे पत्र त्याच्या हातात पडावे, जे तो एजंटला दाखवू शकेल. हातावर पोट असलेला असेल तर त्या दिवसांचे रेशन त्याच्या घरी पोचावे. परदेशी भाडेकरूंसाठी त्यांच्यातलीच, त्यांचा विश्वास असलेली दोन-चार माणसे आरोग्य विभागाने जोडून घ्यावीत. खासगी दवाखान्यांना एकच नंबर द्यावा आणि तो चोवीस तास कोणीतरी उचलावा. सोसायटीच्या सेक्रेटरींना करण्यासारखे एक काम आहे. बंद दारामागच्या कुटुंबाचे दूध, भाजी आणि औषध कोण आणून देणार, त्याची पाळी लावा.

यातले काहीही महाग नाही. रुग्णालयाची इमारत बांधण्यापेक्षा फोनवर दहा माणसे बसवणे स्वस्त पडते. यात अडचण आहे ती एवढीच की याचे उद्घाटन करता येत नाही आणि गेटवर उभे राहून कोणावर ओरडता येत नाही. आयुक्तांनी हे येत्या नाताळच्या आत उभे करावे, कारण त्या दिवसांत जहाजांवरची आणि आखातातली आपली माणसे घरी यायला लागतात.